सत्तावीस नंबरचं बटण

"गेला म्हणजे? कुणाला गेला?"

सिस्टरचा उजवा गाल अजून सुजलेला होता. दाढ काढण्यासाठी तिने दोन दिवसांची रजा घेतली होती. तिसऱ्या दिवशी सकाळी आरोग्य केंद्राच्या पायरीवर पाऊल ठेवते न ठेवते तोच ऑपरेटर मुलगी हसत सामोरी आली होती. केंद्रात पहिला संगणक आला त्याच्या पाठोपाठ ही आली, त्याला आता चार महिने झाले होते. पोरगी मनाने चांगली, कामाचा उरक तर दांडगा. नको तिथेसुद्धा दांडगा.

"अहो, मेसेज! तुमच्या खणातली किल्ली घेतली आणि तीन महिन्यांच्या इंजेक्शनचं रजिस्टर मी सगळं संगणकात चढवलं. दोन दिवस मान वर केली नाही. आता तारखेच्या दोन दिवस आधी आपोआप मेसेज जाणार. पहिला आज सकाळी सातला गेलासुद्धा."

"रजिस्टरात फोन नंबर नाहीत."

"तेच ना. नंबर भरल्याशिवाय संगणक पुढे सरकत नाही. मग मी मुलांच्या लसीकरणाच्या वहीतून घेतले. नाव आणि पत्ता जुळवला की झालं."

"त्या वहीत बापाचा नंबर असतो, पोरी," सिस्टर म्हणाली आणि पायरीवरच टेकली.

मुलीचं हसू ओठावरच राहिलं. तिला सगळं कळलं नाही, पण काहीतरी वाईट झालंय एवढं कळलं. सिस्टरने विचारलं, "नंबर कितवा?"

"सत्तावीस."

"बाकीचे बंद कर. आत्ताच्या आत्ता. मग दुसरं काय ते बोल."

मुलगी आत पळाली. सिस्टर उठून आपल्या खोलीत गेली, कपाटातून बिस्किटांचा जुना पत्र्याचा डबा काढला, आणि त्यातून सत्तावीस नंबरचं कार्ड काढून टेबलावर ठेवलं. कार्डावर नाव नव्हतं. वर नंबर, खाली तारखा, आणि कोपऱ्यात दोऱ्याने शिवलेलं एक हिरवं बटण.

मूल राहू नये म्हणून घरच्यांच्या नकळत इंजेक्शन घेणाऱ्या बायकांसाठी ही बटणांची पद्धत सिस्टरची स्वतःची. सरकारी रजिस्टरात नावं असत, पण ते कुलपात. रोजच्या वापराला ही कार्डं. बाईने पहिल्यांदा येताना एकसारखी दोन बटणं आणायची. एक कार्डाला शिवायचं, दुसरं तिने घरी न्यायचं. तीन महिन्यांनी खिडकीशी आली की तोंडाने काही बोलायचं नाही. मुठीतलं बटण पुढे करायचं. सिस्टर डब्यातून जोडीचं कार्ड काढणार, आत घेणार, दंडावर सुई टोचणार, "इथे चोळू नकोस" म्हणणार. संपलं. कागद घरी नेला तर सापडतो, गोळ्यांचं पाकीट सापडतं. बटण सापडलं तर सापडलं. बटणाला कोण विचारतं?

ही अक्कल फुकट आलेली नव्हती. नोकरीला लागून तीन वर्षं झाली होती तेव्हा सिस्टरने एकदा खिडकीतून एका बाईचं नाव मोठ्याने पुकारलं. तेव्हा तसंच पुकारत. त्या रांगेत खोकल्याचं औषध घ्यायला तिचा दीर उभा होता. ती बाई नाव ऐकूनही जागची हलली नाही, भिंतीकडे बघत राहिली आणि मग निघून गेली. पुन्हा आली ती तेरा महिन्यांनी, सहाव्या बाळंतपणाला, चौघांनी खाटेवर घालून. मूल जगलं. आई जगली नाही. तिला शेवटचं पाणी सिस्टरनेच पाजलं होतं. चूक कुणी सिस्टरच्या पदरात घातली नाही. तिनेच ती घेतली आणि आजतागायत खाली ठेवलेली नव्हती.

तेव्हापासून डब्यात बटणं जमली. शिंपल्याचं, पितळी, कोटाचं थोरलं, बाळाच्या झबल्याचं इवलंसं. सध्या चालू कार्डं एक्केचाळीस. एक्केचाळीस बायकांची पोटातली गोष्ट जिला माहीत, तिला रस्त्यात एकीनेही ओळख दाखवायची नाही, हा त्या पद्धतीचाच दुसरा भाग. बाजारात समोरून येणारी बाई टोपलीतल्या कांद्यांकडे बघत पुढे जाई. नळावर घोळक्यात सिस्टर जाऊन उभी राहिली की गप्पा जराशा सैल पडत. हे तिनेच शिकवलेलं, तेव्हा तक्रार कुणाकडे करणार? लग्नघरचं बोलावणं नाही, बारशाचं तर नाहीच. मूल होत नाही म्हणून सिस्टरच्या नवऱ्याने तिला ऐन तिशीत सोडलं होतं. लोकांच्या जिभेला तेवढं पुरे. "स्वतःचं रिकामं, म्हणून दुसऱ्यांचं बंद करत बसते," असं एकदा तिच्या पाठीमागे, म्हणजे तिला ऐकू जाईल इतक्याच अंतरावर, कुणीतरी म्हणालं होतं. सिस्टरने तोंडात मिठाची गुळणी धरली. ती सवय तिला कामात होतीच.

"बंद केले सगळे," ऑपरेटर मुलगी दारात येऊन म्हणाली. "पण सिस्टर, आपण त्याच नंबरवर दुसरा मेसेज पाठवूया का? मागचा मेसेज चुकून गेला, असा?"

"हात दाखवून अवलक्षण कशाला? चुकून म्हटलं की माणसाला तेच खरं वाटतं."

"मग काय करायचं?"

सिस्टरने कार्डावरचं बटण चाचपलं. हिरव्या बटणाची बाई सुताराची बायको. चार वर्षांत तीन बाळंतपणं, आणि तिसऱ्यात इतकं रक्त गेलं की दोन दिवस शुद्ध नव्हती. दीड महिन्याने ती ते मूल टोचायला घेऊन आली आणि खोलीचं दार लोटून म्हणाली होती, "सिस्टर, आता राहिलं तर मी राहणार नाही." इंजेक्शनाने पाळी थांबली तेव्हा सासूला संशय नको म्हणून ही दर महिन्याला चार दिवस कोरी फडकी धुऊन वाळत घालत होती. दोन वर्षं तिने ते निभावलं होतं. आणि आता नवऱ्याच्या खिशात मेसेज.

विचार करायला फार वेळ मिळाला नाही. साडेदहाच्या सुमाराला रांग बाजूला सारत सुतार आला. केसांत लाकडाचा भुसा, हातात फोन. मागे त्याची आई, गुडघ्यावर हात देत चालणारी, आणि तिच्या मागे डोक्यावरचं कापड कपाळापर्यंत ओढलेली बायको. तिचा चेहरा कागदासारखा पांढरा पडला होता.

ते खिडकीऐवजी सरळ खोलीत शिरले. आणि सिस्टरच्या लक्षात आलं की कार्ड टेबलावर तसंच पडलंय.

तिने कार्ड ओढलं नाही. ओढलं असतं तर सहा डोळे त्यावर गेले असते. तिने टेबलावरची कात्री घेतली, बोलायला मान वर करता करता बटणाचा दोरा कापला, कार्ड पालथं केलं, आणि बटण आपल्या एप्रनवर गळ्याशी धरून सुईत दोरा ओवायला लागली. एप्रनचं वरचं बटण आठवडाभर तुटलेलं होतं. एकटीच्या संसारात असली कामं राहून जातात.

"बसा. काय झालं?"

"हे काय आहे?" सुताराने फोन टेबलावर ठेवला. "कारखान्यात एकाने पाच माणसांसमोर वाचून दाखवलं मला. तीन महिन्यांच्या इंजेक्शनची तारीख परवा आहे, म्हणे. कुणाची तारीख?"

सिस्टरने डोळे बारीक करून फोन लांब धरला. "हा नंबर तुमचा?"

"मग कुणाचा?"

"अरे देवा. शेवटचे दोन आकडे मी उलटे घातले वाटतं." तिने फोन परत दिला. "चूक माझी. हल्ली दिसत नाही नीट. मेसेज दुसरीकडे जायचा होता."

"दुसरीकडे म्हणजे कुठे?"

"ते मी तुम्हाला सांगितलं, तर उद्या तुमच्या घरचं तिसऱ्याला सांगेन. चालेल?"

सुतार गडबडला, पण हटला नाही. माणूस काही राक्षस नव्हता. पाच जणांसमोर मान खाली गेली होती आणि ती वर करायला त्याला काहीतरी हवं होतं. "असं नाही चालणार. लेखी द्या. आणि रजिस्टर दाखवा."

"रजिस्टर डॉक्टरसुद्धा मला विचारल्याशिवाय उघडत नाहीत. लेखी देते."

दारात ऑपरेटर मुलगी उभी होती. ती पुढे होऊन म्हणाली, "सिस्टर, ते तुम्ही नाही, मी—"

"तू जा, डॉक्टरांना बोलावून आण," सिस्टर म्हणाली. पोरगी खरं बोलली असती तर पुढचा प्रश्न होता की नंबर कुठून उतरवला, आणि त्याच्या पुढचा, नाव कुठून. खरेपणाने त्या दिवशी घर जळलं असतं.

डॉक्टर आले, त्यांनी दोन्ही बाजू ऐकल्या, आणि सिस्टरने एका कागदावर लिहून दिलं की माझ्या हातून नंबर चुकीचा पडला, त्याबद्दल दिलगीर आहे. खाली सही. डॉक्टर म्हणाले, "सिस्टर, मला हे तुमच्या सेवापुस्तकात लावावं लागेल." ती म्हणाली, "लावा." बत्तीस वर्षांचं ते पुस्तक तोवर कोरं करकरीत होतं.

सुताराचा राग अर्धा उतरला. पण आता त्याची आई बोलली. तोवर ती नुसती बघत होती.

"बाई, जरा हिच्याकडे नीट बघ," ती सुनेला पुढे ढकलत म्हणाली, "आणि सांग. हिला ओळखतेस?"

सिस्टरने सुई थांबवली आणि वर पाहिलं. याच खोलीत, याच स्टुलावर ही पोर दोन वर्षांपूर्वी तिच्या खांद्यावर डोकं ठेवून रडली होती. त्या दिवशी सिस्टरचा एप्रन खांद्यापाशी ओला झाला होता आणि संध्याकाळी घरी जाऊनही तिने तो लगेच धुतला नव्हता. तिच्या खांद्यावर त्याआधी कोण, कधी रडलं होतं ते तिला आठवत नव्हतं.

"नाही," ती म्हणाली. "लसीकरणाला आली असेल कधी. इथे शंभर येतात, आजी. मी आज पहिल्यांदा बघतेय."

सुनेने मान खाली घातली. सासूची नजर मात्र सिस्टरच्या गळ्याशी गेली, त्या अर्ध्या शिवलेल्या हिरव्या बटणावर, आणि तिथेच थांबली. सिस्टरची पाचावर धारण बसली. मग म्हातारी मुलाकडे वळून म्हणाली, "चल रे. डोळ्यांनी अधू बाई, तिच्या काय नादाला लागतोस. माझे गुडघे दुखताहेत."

तिघं गेले. सुंठीवाचून खोकला गेला, असं म्हणायला सिस्टरने तोंड उघडलं, पण दाढेच्या जागी अशी कळ आली की ती डोकं धरून बसली. ऑपरेटर मुलगी कोपऱ्यात रडत होती. "माझ्यामुळे तुमचं पुस्तक खराब झालं."

"पुस्तकाचं काय घेऊन बसलीस," सिस्टर म्हणाली. "ती आता इथे येणार कशी, ते सांग."

खरी अडचण तीच होती. घर वाचलं, पण दार बंद झालं. जिला ओळखतच नाही, असं सिस्टरने सगळ्यांसमोर सांगितलं, तिने या पायऱ्या कुठल्या तोंडाने चढायच्या? परवाची तारीख आली आणि गेली. इंजेक्शनाला चार आठवडे उशीर चालतो, त्यापुढे भरवसा नाही. सिस्टर रोज सकाळी मनात एक दिवस पुढे ढकले. घरी एका खोलीत ती आणि रेडिओ. दोन कपांतला एक धुऊन पालथा, तो महिनोन् महिने पालथाच. चहा घेता घेता ती म्हणे, "आज अकरा." रेडिओ आपलं बोलत राही. "आज सोळा." तेरा महिन्यांनी खाटेवरून आलेली ती बाई तिला पुन्हा दिसायला लागली. झोपेत नव्हे, लख्ख जागेपणी, चूल पेटवताना.

तेविसाव्या दिवशी सासू आली. एकटी. खिडकीशी न थांबता खोलीत आली, स्टुलावर बसली, गुडघे दाबत म्हणाली, "मलम दे काहीतरी."

सिस्टरने मलमाची डबी काढली. म्हातारीने ती घेतली नाही.

"ते बटण माझ्या नवऱ्याच्या स्वेटरचं," ती म्हणाली. "चार होती माझ्या शिवणाच्या डबीत. दोन वर्षांपूर्वी दोन कमी झाली. म्हटलं, पोरांनी गिळली की काय."

सिस्टरने डबी तिच्यापुढे टेबलावर ठेवली. ताकास तूर लागू न देणं हा तिचा धर्म होता.

"बोलू नकोस. मी विचारत नाहीये. मी सात काढली, बाई. चार पुरली. माझ्या वेळी कुणी डबा घेऊन बसलं असतं, तर मीही बटण आणलं असतं." तिने आता डबी उचलली आणि झाकण उघडून उगाच वास घेतला. "एवढ्या मलमाने काय होतंय? दर तीन महिन्यांनी लागेल. मला काही चालवत नाही. सुनेला पाठवत जाईन. मुलाला सांगितलंय, आईच्या गुडघ्याला तिने नाही जायचं तर कुणी जायचं?"

"पाठवा," सिस्टर म्हणाली.

"उद्याच पाठवते. आणि एक ऐक. मला कळलंय हे तिला सांगू नकोस. तिला वाटू दे की तिचं तिनेच राखलं. फडकी वाळत घालते बिचारी. मीच ती संध्याकाळी घडी करून ठेवते."

दुसऱ्या दिवशी सून आली. केसपेपर पुढे केला, त्यावर सासूचं वय आणि गुडघे. मग मूठ उघडली. आत हिरवं बटण. चोविसावा दिवस होता. सिस्टरने आधी लघवीची तपासणी करून घेतली, कारण उशीर झाला की करायची असते, आणि काही नाही असं कळल्यावर मगच सुई टोचली.

"माझी सासू भोळी आहे," पोर दंड झाकत म्हणाली. "तिलाच नेमकं मलम लागलं म्हणून बरं. नाहीतर मी संपलेच होते."

"नशीब एकेकाचं," सिस्टर म्हणाली. आता एका घरातली दोन गुपितं तिच्याकडे होती आणि दोन्ही एकमेकींपासून लपवायची होती. कुणाला सांगून हसावं असं हे होतं. सांगायला कुणी नव्हतं.

पोरीचं लक्ष एप्रनकडे गेलं. "हे परत कार्डाला लावायचं?"

"लावते."

"राहू द्या," ती म्हणाली. "तुम्हाला बरं दिसतं." आणि जाता जाता, इकडेतिकडे बघून, तिने ते बटण एका बोटाने नीट बसवलं.

त्या एका बोटावर सिस्टरने पुढचे सहा महिने काढले असं म्हटलं तर खोटं होणार नाही. पांढऱ्या एप्रनवर हिरवं बटण विशोभित दिसे. डॉक्टरांनी एकदा टोकलं. सिस्टरने ऐकून न ऐकल्यासारखं केलं. सत्तावीस नंबरच्या कार्डाच्या कोपऱ्यात दोऱ्याची दोन टोकं तेवढी राहिली होती, पण ते कार्ड ओळखायला तिला बटण लागत नव्हतं. रस्त्यात सुताराची बायको दिसली तर भिंतीकडे बघत पुढे जाई, अगदी रीतीप्रमाणे. सिस्टरही दुसरीकडे बघे आणि हात गळ्याशी नेई. वाईट वाटत नसे, असं नाही. वाटे. पण पूर्वीइतकं नाही.

मग निवृत्तीचा दिवस आला. सकाळी डॉक्टरांच्या खोलीत चहा झाला. चार खुर्च्या मांडल्या होत्या, तीन भरल्या. डॉक्टर दोन शब्द बोलले. सेवापुस्तकातल्या कागदाचा उल्लेख त्यांनी चांगुलपणाने टाळला, पण टाळला हे सगळ्यांना कळलं. ऑपरेटर मुलीला रडू आवरेना.

नंतर सिस्टरने तिच्या जागी आलेल्या नव्या नर्सला डबा दाखवला. नवी तरुण होती, लक्ष देऊन ऐकत होती.

"नाव घ्यायचं नाही. बटण बघायचं, कार्ड काढायचं. रस्त्यात भेटल्या तर ओळख दाखवायची नाही. त्या दाखवणार नाहीत. त्याचं वाईट वाटून घ्यायचं नाही."

"हे एक कार्ड बिनबटणाचं आहे," नवी म्हणाली. "ही कशी ओळखायची?"

सिस्टरने कात्री मागितली, गळ्याशी हात नेऊन हिरवं बटण कापलं, आणि कार्डाच्या कोपऱ्यात पक्कं शिवून दिलं. दोऱ्याला तीन गाठी मारल्या. "हिचा आज दिवस आहे," ती म्हणाली. "गुडघ्याचं मलम मागेल. मलम द्यायचंच, विसरायचं नाही."

जाताना एप्रन भांडारात जमा करायचा असतो. भांडारवाला तिच्याइतकाच जुना, चेष्टेखोर माणूस. त्याने एप्रन उलटासुलटा करून पाहिला. "सिस्टर, एक बटण कमी आहे की."

"हो."

"बत्तीस वर्षांत एवढंच हरवलंत म्हणायचं," तो हसला, आणि पावतीवर लिहिलं, एक बटण कमी. सिस्टरने खाली सही केली.

बाहेर खिडकीपुढे रांग होती. तिसरी की चौथी सुताराची बायको उभी होती, डाव्या हातात सासूचा केसपेपर, उजव्या हाताची मूठ छातीशी घट्ट मिटलेली. सिस्टरला साध्या कपड्यांत पाहून तिची नजर क्षणभर गळ्याशी गेली. तिथे काही नव्हतं. मग तिने रीतीप्रमाणे भिंतीकडे तोंड केलं.

सिस्टर तिच्याजवळून, हात लांब केला तर लागेल इतक्या अंतरावरून, पुढे गेली. थांबली नाही. फाटकाशी पोचली तेव्हा मागून खिडकी उघडल्याचा आवाज आला, आणि कुणाचंही नाव पुकारलं गेलं नाही.